आरोग्यक्षेत्रातील फेलोशिप : शोध कोठून सुरू करावा?

(वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंग व समाजकार्य शाखांचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



बारावीनंतर आरोग्यशाखेला प्रवेश मिळालेल्या मुला-मुलींच्या घरात पुढील पाच-सहा वर्षे एकच हिशेब चाललेला असतो. शुल्क किती, वसतिगृह किती, पुस्तके किती, आणि पदव्युत्तर जागा मिळाली नाही तर आणखी एक वर्ष क्लासला किती. हा हिशेब चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. पोटाला चिमटा काढून मुलांना शिकविणाऱ्या आई-वडिलांना तो करावाच लागतो. पण त्या वहीतील जमेची बाजू बहुधा कोरीच राहते. अभ्यासासाठी, संशोधनासाठी, खेड्यापाड्यांत वर्षभर राहून काम शिकण्यासाठी कोणी वेतन देते काय, याची चौकशी फार थोडी कुटुंबे करतात; आणि जी करतात, ती अनेकदा मुदत टळून गेल्यावर करतात.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्दांचा उलगडा करणे अगत्याचे आहे, कारण घोळ तेथूनच सुरू होतो. शिष्यवृत्ती म्हणजे शिक्षण चालू असताना त्याच्या खर्चासाठी मिळणारे साहाय्य. विद्यावेतन म्हणजे आंतरवासिता करणाऱ्यास किंवा निवासी डॉक्टरास मिळणारी मासिक रक्कम. आणि फेलोशिप, जिला आपल्याकडील शासकीय मराठीत अधिछात्रवृत्ती असे भारदस्त नाव आहे, ती एखादे संशोधन किंवा ठरावीक काम करण्यासाठी दिली जाते. ती घेणाऱ्याकडून काही फलित अपेक्षित असते. परंतु वैद्यकाच्या जगात याच शब्दाला आणखी दोन अर्थ चिकटले आहेत. रॉयल कॉलेजसारख्या संस्थेचे सभासदत्व मिळाले तरी त्याला फेलोशिपच म्हणतात. आणि पदव्युत्तर शिक्षणानंतर एखाद्या उपशाखेतील वर्षभराचे प्रशिक्षण, तेही फेलोशिप. या शेवटच्या प्रकारात कोठे वेतन मिळते, तर कोठे उलट विद्यार्थ्यालाच शुल्क भरावे लागते. जाहिरातीत शब्द तोच असतो. म्हणून जाहिरात हाती येताच पहिली चौकशी ही करावी, की पैसा कोणत्या दिशेने जाणार आहे. हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

आनंदीबाईंचा शोध

आरोग्यशिक्षणासाठी साहाय्य शोधण्याची ही धडपड मराठी माणसाला नवी नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपण स्फूर्तीसाठी वाचतो. त्याचा एक भाग साहाय्याच्या शोधाची हकीकत म्हणूनही वाचण्यासारखा आहे. पत्नीला शिकविण्याचा ध्यास घेतलेल्या गोपाळराव जोशी यांनी, कोल्हापुरात दीर्घकाळ काम केलेल्या वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. मदतीची तयारी दिसली, परंतु तिला धर्मांतराची अपेक्षा जोडलेली होती. जोशी दांपत्याने ती नाकारली. तोच पत्रव्यवहार एका नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल या गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्याही श्रद्धावान ख्रिस्ती. पण त्यांनी कोणतीही अट न घालता आपल्या घराचे दार या मुलीसाठी उघडले. एकाच पत्राला दोन ठिकाणांहून दोन प्रकारचे उत्तर आले, आणि त्यांतील कोणते स्वीकारायचे याचा विवेक त्या घराने दाखविला. त्यात त्यांची काही वर्षे गेली.

पुढे फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूर महाविद्यालयात आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत, हे सांगितले. वय अवघे सतरा. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज किती आहे, हे त्यांनी मांडले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, हेही निक्षून सांगितले. त्यानंतर देशाच्या निरनिराळ्या भागांतून मदत आली. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. परत येण्यापूर्वीच कोल्हापूर संस्थानने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले, त्या जागेवर त्या बसू शकल्या नाहीत. पण ज्ञान कोठे वापरायचे याचे उत्तर निघण्यापूर्वीच तयार होते, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्याने टिपून घ्यावी. आज प्रत्येक चांगल्या फेलोशिपच्या अर्जात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलेला असतो.

यानंतर पाचच वर्षांनी, १८९२ मध्ये, जमशेटजी टाटा यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्याच्या आरंभीच्या लाभार्थींत डॉ. फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन महिला डॉक्टर होत्या. हा निधी आजही चालू आहे. त्याचे स्वरूप मात्र कर्जाऊ शिष्यवृत्तीचे आहे. शिकून स्थिरावलेल्याने रक्कम परत करायची, म्हणजे ती पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येते. आपल्या घरांत 'कर्जाऊ' हा शब्द ऐकताच पान उलटले जाते, ही गोष्ट निराळी.

पहिली पायरी महाविद्यालयातच

अनेकांची अशी समजूत असते, की फेलोशिप ही एम.डी. झाल्यानंतरची किंवा परदेशी जाणाऱ्यांची बाब आहे. वस्तुस्थिती तशी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी १९७९ पासून दोन महिन्यांची अल्पकालीन संशोधन-वृत्ती देत आली आहे. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील एका अध्यापकाला मार्गदर्शक म्हणून घ्यायचे, छोटा संशोधन-प्रस्ताव लिहायचा, तो मंजूर झाल्यास नैतिकता समितीची अनुमती घेऊन काम करायचे आणि मुदतीत अहवाल सादर करायचा. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये 'स्पार्क' या नावाने अशीच योजना सुरू केली. होमिओपॅथीच्या केंद्रीय परिषदेचीही तशी योजना आहे.

रकमेपेक्षा या दोन महिन्यांचे मोल वेगळे आहे. पीएसएम हा विषय विद्यार्थी केवळ उत्तीर्ण होण्यापुरता वाचतात. तोच विद्यार्थी प्रश्नावली हातात घेऊन वस्तीतल्या पन्नास घरांचे उंबरे झिजवितो, तेव्हा रक्तदाबाची गोळी रुग्ण मध्येच का सोडतो, हे त्याला पाठ्यपुस्तकाबाहेर कळते. आणि पुढील प्रत्येक अर्जात 'संशोधनाचा अनुभव' हा रकाना भरायला त्याच्याजवळ काहीतरी खरे असते. मुलांनी आपल्या महाविद्यालयात या योजनेची चौकशी केली आहे काय, हे पालकांनी आज घरी गेल्यावर जरूर विचारावे. सूचनाफलकावरील कागद वाचण्याची सवय आपल्याकडे हद्दपार होत चालली आहे.

प्रश्न आधी, पैसा नंतर

आता आरोग्य-धोरणाकडे वळू. हा विषय ऐकला की मंत्रालय, सचिव, फायली असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात धोरण म्हणजे कोणाचा खर्च कोणी सोसायचा, कोणती सेवा कोठे आणि कोणी द्यायची, याचा निर्णय. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी जो वाटा कुटुंबांना थेट स्वतःच्या खिशातून भरावा लागतो, तो २०१४-१५ मध्ये ६२.६ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. हे आकडे दिल्लीच्या राष्ट्रीय आरोग्य प्रणाली संसाधन केंद्रात तयार होतात, आणि असल्या आकडेमोडीला डॉक्टरांइतकीच अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र जाणणाऱ्यांची गरज असते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था. १९९७ पासून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी देणारे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्र. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था, ही या शिक्षणाची परिचित ठिकाणे. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने २०१२ मध्ये साथरोगांचा माग काढणाऱ्या डॉक्टरांसाठी दोन वर्षांचा 'एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस' हा उपक्रम सुरू केला. त्यात शिकणे आणि काम एकत्रच चालते.

पण संस्थांची यादी खिशात घालून फेलोशिप मिळत नाही. त्याआधी प्रश्न हवा. एक उदाहरण घेऊ. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. आकडा हादरविणारा आहे. पण आकड्याने 'किती' हे कळते, 'का' हे कळत नाही.

समजा, मराठवाड्यातीलच एखाद्या नर्सिंग किंवा समाजकार्याच्या विद्यार्थिनीने या विषयावर फेलोशिपसाठी अर्ज करायचे ठरविले. 'ऊसतोड महिलांचे आरोग्य' एवढेच लिहिले तर तो निबंधाचा विषय झाला. निवड समितीपुढे तो टिकणार नाही. परंतु ती त्या भागातली असेल तर तिला ठाऊक असते, की येथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम बुडाले तर खाड्याचे पैसे कापले जातात. मग प्रश्न आपोआप टोकदार होतात. पाळीच्या त्रासाने किती खाडे होतात? शस्त्रक्रियेचा पहिला सल्ला कोणी दिला - डॉक्टरने, शेजारणीने की घरातल्याने? त्यापूर्वी सोनोग्राफी झाली होती काय? खर्च कोणत्या पैशांतून झाला, आणि त्यासाठी पुढच्या हंगामाची उचल घ्यावी लागली काय? फडाजवळच्या कोपीत राहणाऱ्या बाईपर्यंत सहा महिने कोणती सरकारी आरोग्यसेवा पोहोचते?

यांतील एकेक प्रश्न ही सहा महिन्यांच्या अभ्यासाची बेगमी आहे. असा अभ्यास कोणीतरी करणारच आहे. परगावच्या संशोधकाला 'खाडा' या शब्दाचा अर्थ समजायला पहिला महिना लागेल. या मुलीला तो जन्मापासून ठाऊक आहे. ही तिची पात्रता आहे आणि ती अर्जात लिहिण्याजोगी आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. मराठी माध्यमातून शिकलेली मुले इंग्रजी अर्जापुढे बिचकतात आणि आपल्याजवळचे सर्वांत मौल्यवान भांडवल त्यात लिहीतच नाहीत. भाषा शिक्षकाकडून तपासून घेता येते. मुकादमाचा हिशेब कोणाकडून उसना आणता येत नाही.

'एक वर्ष वाया जाईल'

घरातून येणारा सर्वांत मोठा विरोध या वाक्यात असतो. बरोबरचे सगळे पीजीच्या परीक्षेला बसले आणि आपला मुलगा गडचिरोलीला निघाला, या कल्पनेने आईची झोप उडणे स्वाभाविक आहे. त्या काळजीची थट्टा करू नये. पण गडचिरोलीचीच हकीकत थोडी तपशिलात पाहू.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेद्वारे काम सुरू केले. तेथील ३९ गावांत त्यांनी गावातल्याच महिलांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाचे वजन कसे करायचे, ऊब कशी द्यायची, जंतुसंसर्गाची लक्षणे कशी ओळखायची आणि उपचार केव्हा करायचे, हे सारे त्यात आले. तुलनेसाठी ४७ गावांची नोंद ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तो शोधनिबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने 'आशा' कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालसंगोपनाचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. आज आपल्या सुनेच्या वा लेकीच्या बाळंतपणानंतर आशाताई वजनकाटा घेऊन दारात येते, त्यामागे त्या ३९ गावांच्या वह्या आहेत.

याच संस्थेने २००६ पासून 'निर्माण' हा युवकांसाठीचा उपक्रम चालविला आहे. त्यातून अनेक तरुण डॉक्टर ग्रामीण, आदिवासी भागांत वर्षभराच्या कामासाठी जातात. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होणाऱ्यांना बंधपत्रानुसार एक वर्ष सेवा द्यावीच लागते. ते वर्ष कसे घालवायचे, एवढाच निर्णय उरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून परीक्षेची प्रश्नपत्रिका सोडवीत घालवायचे, की तेथील नोंदवहीतून एक प्रश्न उचलून त्याचा पाठपुरावा करायचा, हे त्या-त्या मुला-मुलीवर आहे.

राज्य शासनाचा मुख्यमंत्री फेलोशिप कार्यक्रमही येथे लक्षात घ्यावा. २०१५ मध्ये तो सुरू झाला, २०२० मध्ये खंडित झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यासाठी २१ ते २६ हे वय, किमान ६० टक्क्यांसह पदवी आणि एक वर्षाचा कामाचा अनुभव अशा अटी राहिल्या आहेत. निवड झालेल्यांना शासनाच्या निरनिराळ्या विभागांत व जिल्ह्यांत काम करता येते. वयाची अट पाहता, पदवीनंतरची दोन वर्षे गाफील राहिलेल्याला ही संधी पुन्हा मिळत नाही. योजना बंद पडते आणि पुन्हा सुरूही होते, म्हणून दरवर्षीची जाहिरात त्या-त्या वर्षी वाचावी.

परदेशाची वाट

परदेशी शिक्षणाविषयी थोडक्यात. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी सुमारे दोन वर्षांचा, तर फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपसाठी तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागितला जातो. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीत आरोग्यव्यवस्थेचे सबलीकरण हा एक स्वतंत्र विषय आहे. या सर्वांत शिक्षण संपताच मायदेशी परतण्याची अट आहे, आणि आपल्या दृष्टीने ती स्वागतार्हच आहे. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यांचा लाभ घेणाऱ्यांना माहिती पोहोचविणे हे शेजाऱ्याचेही काम आहे. उलट काही नामांकित प्रतिष्ठानांच्या नियमांत वैद्यक हा विषयच बसत नाही. महिनाभर निबंध लिहून झाल्यावर हे कळले म्हणजे फार मनस्ताप होतो.

परकीय निधीवर उभ्या असलेल्या योजनांबाबत एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेची यूएसएड ही संस्था २०२५ मध्ये गुंडाळली गेली आणि तिच्या आधारावर चाललेले अनेक देशांतील आरोग्य-प्रकल्प बंद पडले. ज्यांची प्रशिक्षणे त्या प्रकल्पांत चालू होती, त्यांना नवा आधार शोधावा लागला. म्हणून निधी कोणाचा आणि किती वर्षांसाठी मंजूर आहे, हे निवडीच्या मुलाखतीतही नम्रपणे विचारता येते.

अर्जाची तयारी

तयारी वर्षभर आधी सुरू व्हावी लागते. परदेशातील अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होणार असेल तर शिष्यवृत्तीचा अर्ज बहुधा त्याच्या आदल्या वर्षीच भरावयाचा असतो. घरातल्या एका साध्या वहीत प्रत्येक योजनेला एक पान द्यावे. जाहिरात कोणत्या महिन्यात निघते, पात्रता काय, कागद कोणते, किती शिफारसपत्रे, पैसे दरमहा की एकरकमी, सोडून दिल्यास परतफेड करावी लागते काय. पाच-सहा पानांपेक्षा अधिक भरू नयेत. तीस ठिकाणी एकच निबंध पाठविणारा विद्यार्थी तीस ठिकाणांहून नकार मिळवितो.

शिफारसपत्र हा आपल्याकडील दुबळा दुवा आहे. विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात अध्यापकांकडे जातो, आणि तेही त्यालाच मजकूर लिहून आणावयास सांगून खाली सही करतात. 'हा विद्यार्थी प्रामाणिक व कष्टाळू आहे' असल्या मजकुराने कोणाचे भले होत नाही. ज्या अध्यापकाबरोबर दोन महिने काम केले, तोच चार ओळी खऱ्या लिहू शकतो. ज्या विषयात रस आहे त्यावर लिहिणाऱ्या अभ्यासकाला पत्र पाठवायचे असेल, तर आधी त्याचा एक निबंध पूर्ण वाचावा आणि त्यातील एक नेमकी शंका विचारावी. उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी, पुढे तगादा लावू नये.

पालकांच्या वाट्याची कामेही आहेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जात पडताळणी, नावातील एका अक्षराच्या फरकासाठी करावे लागणारे प्रतिज्ञापत्र यासाठी सेतू केंद्राच्या आणि तहसील कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागतात. परीक्षेच्या दिवसांत त्या वडिलांनी, काकांनी माराव्यात. अर्जातील हेतुनिवेदन मात्र कोणा हुशार नातेवाइकाने लिहून देऊ नये. मुलाखतीत त्याच निवेदनातले वाक्य उचलून प्रश्न विचारतात आणि उमेदवार गडबडून जातो.

पहिल्या वर्षी नकार येण्याची शक्यता अधिक, हे घरात आधीच बोलून ठेवावे. नकाराबरोबर कारणे कळविली असतील तर ती जपून ठेवावीत. नसतील तर विचारावीत, काही संस्था सांगतात. तोच प्रस्ताव त्या कारणांनुसार दुरुस्त करून पुढील वर्षी पाठविता येतो किंवा दुसऱ्या योजनेत बसविता येतो. म्हणून पाठविलेल्या प्रत्येक अर्जाची एक प्रत आणि ती वही, दोन्ही एकाच फायलीत ठेवावीत.